फेमस मुलगी गायब होते ती कादंबरी कशी लिहायची (नाशिकच्या पोरापोरींसाठी)

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दहावी ते बारावीच्या पोरांना घेऊन दर रविवारी लिहायला बसायचे, गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या गच्चीवर. पहिल्याच दिवशी विचारलं काय लिहायचंय, तर निम्म्याहून जास्त जणांना रहस्यकथा हवी होती आणि त्यातही कुणीतरी फेमस माणूस मरतो किंवा गायब होतो असंच हवं होतं. मला भारी वाटलं. मग वाचायला घेतलं तर सगळ्यांच्या गोष्टीत मुंबई, समुद्रासमोरचा बंगला, काळी गाडी, पार्टी. एकानेही तो बंगला आतून बघितलेला नाही. आणि त्याच गच्चीवर एक मुलगी बसलेली होती जिचे तेव्हा साठ हजारांच्या वर फॉलोअर्स होते, आणि ती पूर्ण दोन तास मोबाइल पालथा ठेवून बसली होती पण दर दोन मिनिटांनी त्याला नुसतं बोट लावत होती. उघडत नव्हती. आहे ना तिथेच, एवढंच बघत होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की प्रसिद्धीची काळी बाजू लिहायची असेल तर मुंबईला जाऊ नका, आपल्या शेजारच्या त्या घरात जा जिथे एक पोरगी फेमस झाली आणि हळूहळू अख्खं घर तिच्या जिवावर चालायला लागलं. खून कुणी केला, पळवलं कुणी, हे नंतर ठरवता येतं. आधी ठरवायचं की तिच्या चेहऱ्यावर कोण कोण जगतंय.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा ऋतुजा, वय सतरा, मूळ पंचवटीतल्या जुन्या वाड्यातली. लहान असताना विसर्जन मिरवणुकीत तिने ढोल वाजवला, अंगापेक्षा ढोल मोठा, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो असा काही फिरला की महिनाभरात दुकानाच्या उद्घाटनांना तिला बोलावायला लागले. पप्पांनी अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि पेज सांभाळायला घेतलं. वाडा सुटला, गंगापूर रोडला फ्लॅट आला. आणि आता रंगपंचमीच्या दिवशी ती गायब.

आता वही काढा. कॉम्प्युटर नको, वहीच. एका पानावर तिचं नाव लिहा आणि खाली लिहित जा: फोन कुणाच्या हातात असतो, पासवर्ड कुणाकडे, पैसे कुठल्या खात्यात येतात, कपडे कोण ठरवतं, फोटो टाकायच्या आधी कोण बघतं, कॉमेंट कोण वाचतं आणि कोण डिलीट करतं, तिचं पोट दुखत असेल तर शूटिंग रद्द करायचा निर्णय कुणाचा. प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव. हे पान भरलं की तुमचे सस्पेक्ट तयार झालेले असतात आणि मोटिव्ह वेगळे शोधावे लागत नाहीत. ज्या ओळीसमोर ऋतुजाचं स्वतःचं नाव येत नाही ती प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रकरण आहे असं धरा. माझ्या ग्रुपमधल्या एका मुलाने हे केलं तेव्हा अकरा ओळींपैकी एकाच ओळीसमोर मुलीचं नाव आलं, ती ओळ होती 'कंटाळा कुणाला येतो'. त्याने त्यावर जे प्रकरण लिहिलं ते मी अजून विसरलेली नाही.

शोध कोण घेणार हा पुढचा प्रश्न. कुमार कादंबरीत शोध मोठ्या माणसाने लावला की वाचणारा पोरगा पुस्तक मिटतो, त्यामुळे इन्स्पेक्टर काका कितीही चांगले असले तरी ते उशिरा पोचले पाहिजेत. शोधणारी व्यक्ती पंधरा ते अठरामधली हवी आणि तिचं स्वतःचं काहीतरी दुखत असलं पाहिजे. आपल्या उदाहरणात मी सायलीला घेईन, जुन्या वाड्यातली शेजारीण, जिने तो पहिला व्हिडिओ काढला होता. मोबाइल तिच्या बाबांचा, हात तिचा. तिचं नाव कुठेच आलं नाही. पाच वर्षं झाली दोघी बोलत नाहीत. म्हणजे सायली शोधायला निघते तेव्हा तिला स्वतःलाच माहीत नसतं की तिला मैत्रीण सापडायला हवीये की त्या मैत्रिणीची चूक सापडायला हवीये, आणि पोलिसांनी विचारलं तर तिच्यावर सुद्धा संशय घेता येतो. पहिल्या पुरुषात लिहा, 'मी' म्हणून. तिला जेवढं कळतं तेवढंच वाचणाऱ्याला कळणार, पण तिला कळलं आणि वाचणाऱ्याला सांगितलं नाही असं मात्र एकदाही करायचं नाही, ती फसवणूक आहे आणि वाचणारे ती माफ करत नाहीत.

आता तारखा. इथे सगळेच आपटतात. ऋतुजा 2026 मध्ये सतरा वर्षांची असेल तर पहिला व्हिडिओ कधीचा? एका मुलीने सरळ लिहिलं होतं 'कोविडच्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक, तिचं रील व्हायरल झालं'. पण 2020 आणि 2021 ला मिरवणुकाच निघाल्या नव्हत्या. म्हणजे 2019 ची मिरवणूक घ्यावी लागते, ती दहा-अकराची. आणि 2019 ला आपल्याकडे इन्स्टावर रील हा प्रकारच नव्हता, तो जुलै 2020 मध्ये आला, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर, आणि ती बंदी 29 जून 2020 ची. म्हणजे तो व्हिडिओ टिकटॉकवर व्हायरल झाला असणार आणि मग एका रात्रीत बंद पडला असणार. बघा, चूक दुरुस्त करायला गेलो आणि प्लॉट हाताला लागला. पेज गेलं, लाखो व्ह्यूज गेले, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धूसर झालेल्या कॉप्या उरल्या ज्यांच्यात वेळ, जागा काहीच शिल्लक राहत नाही. मूळ फाइल आहे फक्त एका ठिकाणी, सायलीच्या बाबांच्या जुन्या, स्क्रीन फुटलेल्या मोबाइलमध्ये. त्या मूळ व्हिडिओत शेवटच्या तीन सेकंदात कोण दिसतं, आणि इतकी वर्षं फिरलेल्या कॉपीत ते तीन सेकंद का नाहीत, इथून तुमचं रहस्य चालू होऊ शकतं.

कायदा थोडा माहीत करून घ्या, कंटाळा करू नका, कारण या विषयात सगळ्यात चांगले क्लू कायद्यातच पडलेले आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीत किंवा सिनेमात काम द्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्या कामाच्या कमाईतले किमान 20 टक्के थेट त्या मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे. ते पैसे मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर मिळतात. हा नियम 2017 पासून आहे. आता विचार करा, ऋतुजाने अकरा ते चौदा या वयात साडीच्या, मसाल्याच्या, क्लासच्या जाहिराती केल्या. तिचा अठरावा वाढदिवस रंगपंचमीनंतर नऊ दिवसांनी आहे. त्या दिवशी ती बँकेत जाणार आणि विचारणार. एफडी आहे का? नसेल तर कागदावर सही कुणाची? ज्याला या प्रश्नाची भीती वाटते त्याच्याकडे नऊच दिवस उरलेत.

आणि त्याच नऊ दिवसांचा दुसरा अर्थ पोलिसांकडे. अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलेलं आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती हरवली की आधी नुसती मिसिंगची नोंद होते. म्हणजे वाढदिवस उलटला की नोंदवलेला गुन्हा तसाच राहतो, पण तीच मुलगी आता सज्ञान, आणि शोधाचा जोर कमी होऊ शकतो. एका वाढदिवसाला दोन घड्याळं बांधलेली आहेत, अजून कुठलाही बॉम्ब लागत नाही गोष्टीला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे त्यामुळे या गायब होण्यासाठी इन्स्पेक्टरच्या तोंडी जुनी आयपीसीची कलमं घालू नका. आणि 'स्क्रीनशॉट दाखवला, आरोपी गळाला' हे तर नकोच. मोबाइलमधला पुरावा कोर्टात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, मूळ मोबाइल जपावा लागतो. म्हणून तर सायलीच्या बाबांचा तो फुटका मोबाइल महत्त्वाचा आणि म्हणूनच मधल्या एखाद्या प्रकरणात तो कुणीतरी विकत मागायला आलं पाहिजे, 'जुना आहे, भंगारातच जाईल, देऊन टाका' असं गोड बोलून.

हद्दीचं पण बघा. जुन्या नाशकातली गल्ली, गंगापूर रोडचा फ्लॅट आणि पंचवटी ही वेगवेगळी पोलीस ठाणी, आणि त्र्यंबकला पाऊल टाकलं की शहर पोलीस आयुक्तालय संपलं, नाशिक ग्रामीण पोलीस सुरू. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, कुठल्याही ठाण्यात करता येतो हे सायलीला माहीत नसेल तर दोन तास वाया जातात, माहीत असेल तर ती हवालदाराला शांतपणे सांगते, दोन्ही सीन छान होतील.

जागा. रंगपंचमी मी उगाच घेतलेली नाही. आपल्याकडच्या पेशवेकालीन रहाडी बाहेरच्या लोकांना सांगितल्या तर खोटं वाटतं, चौकाच्या मधोमध जमिनीत दगडी हौद, वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला, त्यावरून गाड्या जातात, आणि रंगपंचमीच्या आधी तो उकरतात, धुतात, रंग उकळून ओततात आणि मग पोरं धप्पा मारतात, म्हणजे त्यात उडी टाकतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा, तांबट लेन, जाऊन उभे राहा तिथे. कुठल्या रहाडीचा कुठला रंग हे वाचून लिहू नका, त्या गल्लीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, ते सोबत अजून चार गोष्टी सांगतील ज्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. आता गंमत अशी की, ऋतुजाचा चेहरा अख्ख्या शहराला पाठ आहे. भाजी घ्यायला गेली तरी सेल्फी. वर्षातला एकच दिवस असा असतो की तिला कुणी ओळखत नाही कारण सगळ्यांचेच चेहरे रंगलेले. ज्या मुलीला पळून जायचंय तिच्यासाठी हाच दिवस, आणि ज्याला तिला पळवायचंय त्याच्यासाठी पण हाच दिवस. आणि कपड्यांवर दोन वेगळ्या रहाडींचे रंग सापडले तर ती कुठून कुठे गेली हे सायलीला कळतं, पोलिसांना नाही कारण साहेब बदली होऊन नुकतेच आलेत.

दुसरा क्लू दुतोंड्या मारुतीचा. गोदाघाटावरच्या या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून आपल्या घरातले म्हातारे पूर मोजतात, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं. गायब झाल्यावर तिसऱ्या दिवशी ऋतुजाच्या पेजवर नवीन रील पडतं, 'मी ठीक आहे, थोडा ब्रेक घेतलाय, आज घाटावर आले'. लाखभर लोक हार्ट टाकतात. पण मागे कोपऱ्यात, धूसर, मारुतीच्या पायाला पाणी लागलेलं आहे, लालसर गढूळ पाणी. मार्च महिन्यात? गंगापूर धरणातून विसर्ग असल्याशिवाय? म्हणजे रील पावसाळ्यातलं आहे, कुणीतरी साठवून ठेवलेलं, आणि कुणीतरी अजून पेज चालवतंय. असा क्लू सगळ्यांच्या डोळ्यासमोर ठेवायचा आणि त्याच पानावर काहीतरी जास्त मोठं घडवायचं म्हणजे वाचणारा पुढे पळतो. नाशिकचा वाचणारा कदाचित पकडेल. पकडू द्या, त्याला किती आनंद होईल विचार करा.

खोटे क्लू पण लागतात, पण प्रत्येक संशयिताला स्वतःचं वेगळं गुपित द्या. सोसायटीच्या गेटवर रोज उभा राहणारा फॅन विचित्र वाटतो, तो खरं तर तिच्या ढोलपथकातल्या दुसऱ्या मुलीसाठी येतो. पथकाचे दादा रंगपंचमीला दोन तास कुठे होते सांगत नाहीत, कारण ते कर्जाच्या हप्त्याची भीक मागायला गेले होते. नुसतं 'तो रागीट आहे' म्हणून संशय टाकला की मजा जाते. संशयित चार-पाच पुरे.

आणि पप्पांना राक्षस करू नका, प्लीज. हे मी सगळ्यात जास्त कळवळून सांगतेय. मी जानेवारीत एकदा पहाटे रामकुंडावर गेले होते, नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे, आणि एक आई तिच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं शूटिंग करत होती. ओली साडी, हातात दिवा, वळून हसायचं. एकदा, दोनदा, मी मोजायला लागले तर चौदा वेळा. मुलीचे ओठ निळे पडलेले. प्रत्येक वेळा कट झाल्यावर आई पळत जायची, स्वतःच्या अंगातली शाल तिच्याभोवती गुंडाळायची, तिचे हात चोळायची, गालाचा मुका घ्यायची, आणि मग शाल काढून घ्यायची आणि म्हणायची, 'एकदाच अजून, बाळा'. तिचं प्रेम खरं होतं आणि शाल काढणं पण खरं होतं. तुमचा गुन्हेगार असा पाहिजे. जो शाल घालतो तोच काढतो. असा माणूस लिहिता आला तर शेवटी नाव कळल्यावर वाचणाऱ्याच्या पोटात तुटतं, नाहीतर नुसतं 'अच्छा हा होता का' म्हणून पुस्तक संपतं.

शेवटी कळलं की ती स्वतःहून गेली होती, असं चालेल का, हे मला खूप जण विचारतात. चालेल, पण मग खरा गुन्हा दुसरा हवा आणि तो पहिल्या पानापासून चालू असायला हवा: खोटी सही, गायब एफडी, किंवा ती नसताना तिच्या नावाने बोलणारं पेज. काहीच झालं नव्हतं असं सांगितलं तर वाचणाऱ्याचे तीन दिवस पाण्यात.

मधला भाग लटकतो तेव्हा शहराकडे बघा. मी सायलीला एकदा पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात पाठवलं होतं, नुसतंच बसायला. फाळके 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मले, 1913 ला त्यांचा पहिला सिनेमा आला, मग नाशिकलाच बस्तान मांडलं, 1919 मध्ये स्वतःच्या लहान मुलीला, मंदाकिनीला पडद्यावर बाळकृष्ण केलं, आणि 1944 ला इथेच गेले तेव्हा सिनेमावाले त्यांना बरेचसे विसरलेले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 ला. सतरा वर्षांच्या मुलीला हे कळल्यावर ती काय विचार करेल? सायली म्हणाली, 'पडद्यावरच्या त्या छोट्या मुलीला थंडी वाजत होती का हे कुणी लिहून ठेवलंय का'. मला हे वाक्य सुचलं नव्हतं, तिथे बसल्यावर आलं.

कॉमेंट्स लिहिताना हात आखडता घ्या. एक-दोन घाणेरड्या कॉमेंट पुरतात, त्याही अर्ध्या. जास्त परिणाम होतो तो ती कॉमेंट वाचून ऋतुजा काय करते त्याने, म्हणजे आरशात दात बघते, जेवण अर्धं सोडते, मैत्रिणीला विचारते 'माझा आवाज खरंच तसा आहे का'. मुलीचे खाजगी फोटो, धमक्या असं काही प्लॉटमध्ये असेल तर ते कसं करतात याची रेसिपी देऊ नका, पण मदत कुठे मिळते ते एखाद्या पात्राच्या तोंडी जरूर येऊ द्या, सायबर फसवणुकीसाठी 1930, मुलांसाठी 1098. वाचणाऱ्यांत एखादी मुलगी अशी असतेच जिला तो नंबर गोष्टीसाठी नको असतो.

भाषा बोलीच ठेवा, चॅट लिहिताना 'मी तुला भेटावयास येत आहे' कुणी लिहीत नाही, 'येतेय थांब' लिहितात. लांबीचं म्हणाल तर चाळीस-पन्नास हजार शब्द पुरे, प्रकरणं छोटी.

पहिला खर्डा झाला की उलटं वाचा, शेवटच्या प्रकरणाकडून मागे. शेवटी उघड होणारी प्रत्येक गोष्ट आधी दोनदा तरी दिसली आहे का ते वहीत टिक करत जा. माझ्या खर्ड्यात सायली शेवटी तांबट लेनच्या गर्दीत, सगळे एकाच रंगात बुडालेले असताना, ऋतुजाला ओळखते ती हातावरून. डाव्या हाताच्या अंगठ्याला ढोलावरच्या थापीने पडलेला घट्टा, आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची तिची उलटी पद्धत, जी लहानपणी सायलीनेच तिला शिकवली होती. सीन लिहून झाला, मी रडले, आणि मग मागे जाऊन बघितलं तर पहिल्या प्रकरणात चिकटपट्टी कुठेच नव्हती. मग मिरवणुकीच्या सकाळचं एक पान नव्याने लिहिलं: वाड्याची पायरी, दोघी जणी, सायली दाताने पट्टी तोडतेय आणि म्हणतेय 'हात इकडे कर, उलटी गुंडाळ म्हणजे घामाने सुटत नाही'.